जयवंतीची जोडवी

आग्रा, ता. ९ सप्टेंबर १९५१

तीर्थरूप आईस,
तुझ्या पायांवर डोके ठेवून नरहरीचा नमस्कार.

विड्याच्या पानांच्या साऱ्या टोपल्या इथे हिरव्यागार पोहोचल्या. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होते.

आपल्या धाकट्या शांताने कळवले की जयवंतीचे घोटे फार सुजलेत. सातव्या महिन्यात पाय सुजायचेच, म्हणून तू तिचे पाय मिठाच्या कोमट पाण्यात शेकतेस, उशीवर ठेवायला लावतेस. चांगले करतेस. पण जोडवी रुतून बोटे काळीनिळी पडली, तरी सोनाराला कापू देत नाहीस? नवरा परगावी असताना जोडवी उतरली तर त्याच्या जिवावर बेतते, असे म्हणालीस म्हणे.

तिचे हात, तोंड तर सुजले नाही ना? डोके दुखते का? तसे असेल तर घरचे उपाय पुरे, तडक डॉक्टरांकडे न्या.

मी मंगळवारी निघतो. नवी जोडवी मीच आणीन.

आई, बाबा गेले तेव्हा तुझी जोडवी बोटांतच होती. लिहू नये ते लिहिले, पदरात घे. पण सोनाराला आजच बोलाव.

तुझा,
नरहरी