म्हशीला दिलेली सुई

अण्णा,

तुमच्या फोटोला अजून दर अमावास्येला हार पडतो. भाऊ घालतो. मी त्या भिंतीकडे पाहत नाही. तुम्ही गेलात तेव्हा अख्खं गाव रडलं, आणि मी मनात म्हणत होते, सुटलात. इतक्या सहज सुटू द्यायचं नव्हतं तुम्हाला.

पावसाळ्याच्या तोंडावर ढोरांचा डॉक्टर यायचा, ते आठवा. सगळ्यांच्या आधी आपली म्हैस उभी. घटसर्पाची लस टोचताना शिंगं तुम्ही स्वतः धरायचात. मग म्हशीचं अंग तापायचं, दूध कमी व्हायचं, माय कुरकुरायची. तुम्ही हसून म्हणायचात, "अगं, ताप आला म्हंजे सुई बराबर लागू पडली." त्याच अंगणातून तुम्ही नर्सबाईला हाकलून लावलंत. का, तर भावाला सुईनंतर ताप आला होता, मांडी सुजली होती. असा ताप येतो आणि लवकर उतरतो, हे त्या बाईनं आधी सांगायला हवं होतं. तिचाही मला राग आहे. पण "माझ्या धाकट्या पोरीला हात लावायचा न्हाई," हे शब्द तुमचे.

धाकटीला गोवर निघाला. तुम्ही म्हणालात, देवीआई आली. दाराला लिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, डॉक्टरचं नाव काढायचं नाही. शाळेतून आले की मी तिच्या अंगावरून पाला फिरवत बसायचे, ती हसायची, गुदगुल्या होतात म्हणायची. पुरळ मावळलं तेव्हा आपण सगळे निवांत झालो. पण तिला धाप लागली होती, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. माय म्हणाली, "जल्दी परतूरच्या दवाखान्यात न्या हो तिला." तुम्ही म्हणालात, "आईला निरोप दिल्याबिगर पोरगी उंबऱ्याभायेर काढायची न्हाई." निरोप झाला तोवर उशीर झाला होता. ती वाटेतच गेली.

लोकांना वाटतं मी पोटासाठी नर्स झाले. लसीकरणाच्या दिवशी मी आपल्याच गावाच्या पारावर बसते आणि तुमची गोष्ट सांगते, नावानिशी. परवा शेजारच्या गावात गोवर निघाला, तरी भाऊ आपल्या रांगत्या पोरीला आणायला तयार नव्हता. "अण्णा न्हाईच म्हणले असते," म्हणाला. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णांनी म्हशीला सुई दिली अन् पोरीला मारलं. आता तू बोल." वहिनीच उठली आणि लेकरू माझ्यासमोर धरलं. ताप येईल, काय करायचं, कधी दवाखाना गाठायचा, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तुमची इज्जत पारावर धुळीला मिळाली होती आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. एक गोष्ट मी पारावर सांगत नाही. त्या दिवशी गाडी मिळेना, तेव्हा धाकटीला छातीशी धरून तुम्ही अनवाणी परतूरच्या रस्त्याला धावत सुटलात. मी मागं होते. तिची मान कलंडली तरी तुम्ही थांबला नाहीत, धावतच राहिलात. हे सांगितलं तर लोकांना तुमची कीव येईल. मलाही येते. म्हणून सांगत नाही.