एका दिवसात तीस ‘आज’

२१ जुलै

आज रिसोडला आले. शिरपूरहून एसटीचा प्रवास तो केवढा. पण आईने निरोप असा दिला, जणू मी परदेशी निघाले आहे. मांडीवर पुस्तकांची पिशवी, पिशवीत ही नवी रोजनिशी. आयुष्यातली पहिली नोकरी. मन फार प्रसन्न आहे.

भागवतदादांचा मसाल्यांचा गृहउद्योग आहे. पुढे दुकान, मागे कांडपयंत्र, वर घर. काळा मसाला, जवसाची चटणी, सांडगी मिरची असा माल आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे पुण्यापर्यंत कुरिअरने जातो. मला जिन्याखालची खोली मिळाली आहे. तिच्या खिडकीतून भाजलेल्या धण्यांचा वास येतो.

व्हिडिओंत बोलतात त्या दादांच्या पत्नी, ज्योत्स्नावहिनी. त्यांच्या जिभेला विश्रांती ठाऊक नाही. माझी पिशवी पाहून म्हणाल्या, “एवढी पुस्तकं वाचून राह्यली, मंग तोंडाले कुलूप काहून?” आणि लगेच त्यांनी माझे नाव ‘मास्तरीण’ ठेवले. त्यांची चार वर्षांची चंदा दिवसभर त्यांच्या पदराला धरून असते. माझे काम लिहिण्याचे आणि नियोजनाचे. कॅमेऱ्यासमोर मला कधीही उभे करणार नाही, असे दादांनी कबूल केले आहे.

२४ जुलै

तीन दिवस कामाची पद्धत पाहिली. एका मिनिटाच्या व्हिडिओसाठी रोज सकाळ वाया जाते: काय बोलायचे ते ऐनवेळी ठरते, मोबाइलची बॅटरी संपते, कांडपयंत्र बंद करावे लागते. मी एक तक्ता आखला. तारीख, साडी, माल, पहिले वाक्य, शेवटचे वाक्य. महिन्याचे तीस व्हिडिओ एकाच दिवशी चित्रित करायचे आणि रोज सकाळी दहाला एकेक आपोआप प्रसिद्ध होईल अशी वेळ लावून ठेवायची. शिळेपणा वाटू नये म्हणून प्रत्येकाची सुरुवात ‘आज’ या शब्दाने. ‘आज सकाळीच तिळकूट केले’, ‘आज ऊन चांगले पडले’.

दादांनी तक्ता दोनदा वाचला. एवढी हुशार पोरगी आपल्याला आधी का भेटली नाही, असे ते म्हणाले.

२८ जुलै

तीसही झाले! बारा साड्या, त्यांवर पोलकी बदलून. कधी टिकली मोठी, कधी केसांत फूल. वहिनी प्रत्येक वेळी पडद्यामागून नव्या दिवसासारख्या बाहेर येत. दुपारी चारपर्यंत तिसावा व्हिडिओ संपला.

एकच गोष्ट खटकली. दादांच्या आई केशरबाई दारात बसून सारे पाहत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “उद्याचा मसाला आज कुटला तं चालते वं पोरी. उद्याचा दिवस आज कायले बोलवून राह्यली?” त्यांच्या मते न उगवलेल्या दिवसाला ‘आज’ म्हणू नये. म्हटले, की तो दिवस तेवढ्या बोलण्यातच वापरून संपतो. मी नम्रपणे हसले. संध्याकाळी वहिनी पायरीवर बसल्या होत्या आणि आज तारीख कोणती, असे मला तीनदा विचारत होत्या. थकवा असावा.

१ ऑगस्ट

पहिला व्हिडिओ ठरल्या वेळी गेला. दुपारपर्यंत चाळीस मागण्या आल्या.

मात्र वहिनी आज आपणहून तीच मोरपंखी साडी नेसून आल्या. दहाच्या ठोक्याला मसाल्यांच्या फळीसमोर उभ्या राहिल्या आणि कॅमेरा नसताना सगळी वाक्ये बोलल्या. सगळे हसले. चित्रपटात जाणार का, असे दादांनी चिडवले. वहिनी हसल्या नाहीत. मिनिट संपल्यावर खाली बसल्या, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तिथेच बसून होत्या.

५ ऑगस्ट

रोज तेच. ज्या तारखेची जी साडी, तीच अंगावर. दहाला एक मिनिट त्या पूर्वीच्या वहिनी असतात, डोळ्यांत चमक, आवाजात खट्याळपणा. त्यानंतर काही नाही. घास भरवला तर गिळतात. बोलावले तर मान वळवत नाहीत. डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून टॉनिक दिले. दादा म्हणाले, आराम पडला की ठीक होईल. तसेही महिन्याचे काम झालेलेच आहे.

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

८ ऑगस्ट

चंदा आता आईकडे जात नाही. मी कारण विचारले. ती माझ्या कानात म्हणाली, “मम्मी दहाले येते अन् जाते. हे मम्मी नोहे.”

१० ऑगस्ट

मी एक प्रयोग केला आणि त्याबद्दल स्वतःला क्षमा करणार नाही. काल रात्री आजचा व्हिडिओ तक्त्यातून काढून टाकला. व्हिडिओ नसेल तर दिवस वहिनींना परत मिळेल, असा माझा तर्क होता. आज त्या उठल्याच नाहीत. डोळे उघडे, श्वास चालू, आणि पापणी हलत नव्हती. दहा वाजले, गेले. ते एक मिनिटही आले नाही.

म्हणजे दिवस त्यांनी आधीच खर्चला आहे. उरले आहे ते फक्त मिनिट. आणि तीस तारखेनंतर काय, ते कळत नाही.

१५ ऑगस्ट

हे जमेल तसे लिहिते आहे. कालपासून खूप घडले. आजच्या व्हिडिओत कुकरच्या शिट्टीने आवाज बिघडला होता. म्हणून काल मी त्याच्याऐवजी दुसरा केला: पाट्यावर चटणी वाटणारे माझे हात आणि माझा आवाज. चेहरा नाही. ‘आज पाट्यावरची चटणी करू या.’

आज वहिनी पहाटेच उठल्या! भागवतदादांशी भांडल्या, चंदाची वेणी घातली, मला म्हणाल्या, “काय वं मास्तरीण, मले पंधरा दिवस कोन्या गोदामात ठेवलं होतं?” चंदा त्यांच्या गळ्यातून हात काढेना. मी सगळे कागदावर लिहून त्यांना दाखवले. त्यांनी मोठ्याने हसून कागद माझ्या डोक्यावर आपटला.

लिहून दाखवले, कारण सकाळपासून माझ्या कंठातून आवाज निघत नव्हता. हातही दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे होते. पेन दोन मुठींत धरून कशीबशी अक्षरे काढली. दहाला एक मिनिट दोन्ही परत आले आणि गेले. ही नोंद लिहायला मला तीन तास लागले आहेत.

१६ ऑगस्ट

वहिनी पुन्हा बसल्या आहेत. व्हिडिओ नुसता काढून भागत नाही; त्या दिवसाला दुसऱ्या कुणी ‘आज’ म्हटले, तरच तो त्यांना परत मिळतो. चंदा दाराआड उभी राहून पाहते.

तक्ता माझा. अक्षर माझे. ‘आज’ हा शब्द मीच तीस वेळा लिहिला.

दादांना सांगितले. ते म्हणाले, पुस्तके जास्त झाली की असे होते. केशरबाईंना माझा बेत सांगितला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तुले माय नाही का वं?” मग चंदाकडे पाहिले आणि हात सोडून दिला. त्यांनाही नात आहे.

सतरा ते तीस, चौदा व्हिडिओ. आज दुपारी मी स्वतः उभी राहिले, पूर्ण चेहऱ्याने. प्रत्येकात मागण्या टिपून घेण्याचा अभिनय केला, म्हणजे त्या मिनिटाला हातात पेन आणि ही वही राहील. तोंड ठरलेलेच बोलेल. हात कदाचित माझा असेल. वहिनींचे चौदाही व्हिडिओ पुसले.

तीस तारखेपर्यंत त्यांचे दिवस त्यांना मिळतील. एकतीसला तर त्यांनी ‘आज’ म्हटलेच नव्हते. तिथून पुढचे सगळे त्यांचेच.

माझे काय, ते लिहीत नाही.

१७ ऑगस्ट

हात माझा आहे. तोंड काळ्या मसाल्याचे बोलते आहे. वहिनी समोर उभ्या, चंदा कडेवर. दोघी हसत आहेत. कालची रात्र आणि आताचे मिनिट, यांच्या मध्ये काहीच नाही. झोप नाही, अंधारही नाही. काही —

१९ ऑगस्ट

अंगावर पिवळा ड्रेस. कुणी घातला? केशरबाई ओठांना पाणी लावत आहेत —

२२ ऑगस्ट

वहिनी म्हणतात, मी लाजूनच मुकी झाले. चिडवतात. डोळ्यांत पाणी आहे त्यांच्या. म्हणजे कळते आहे. थोडे तरी —

२४ ऑगस्ट

आई येऊन गेली म्हणे. काल. माझ्याजवळ दिवसभर बसली. काल माझे मिनिट संपल्यावर आली. आई, अकराला नको. दहाला ये. दहाला —

२७ ऑगस्ट

दादांच्या हातात नवा तक्ता. माझ्याच रकान्यांचा. साठ ओळी. वहिनींना समजावत आहेत, दिवाळीपर्यंतचे एका दिवसात —

२८ ऑगस्ट

केशरबाई भांडल्या. दादांनी त्यांना शिरपूरला दर्शनाला पाठवले. त्यांना तरी वाचता कुठे येते. दादा मानत नाहीत. उरल्या फक्त वहिनी —

२९ ऑगस्ट

साड्या आल्या. वहिनी एकेक अंगाला लावून पाहत आहेत. वही त्यांच्याकडे वळवली. त्यांनी हिशोब समजून मिटली. बोलता येत नाही, तोंड जवसाचे बोलते आहे, जव —

३० ऑगस्ट

शेवटचे. वहिनी शेजारीच. मोरपंखी साडी. मोबाइल स्टँडवर. माझे झाले की लगेच त्यांचे. मोठ्या अक्षरात लिहिते. वहिनी, वाचा. इकडे पाहा. चंदा पदर धरून आहे. वहिनी, ‘आज’ म्हणू न