डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी बदलल्या

मी दिलीप शरच्चंद्र मुळ्ये, वय बावीस, राहणार माधव नगर, उज्जैन, धंदा टांग्यात बसून भोंग्यावर पिक्चरची जाहिरात करणे. आज पूर्ण शुद्धीत आहे. भांग घेतलेली नाही. शेजारच्या अक्कांना विचारा. उद्या इंदूरला माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. परत आलो नाही तर माझ्यामागे असं करावं.

१. सायकल बहीण मीनाला. चेन उतरते, चढवायला ती माझ्याहून हुशार आहे.

२. सोनेरी बटणांचा लाल कोट टॉकीजचे मालक भय्यासाहेब यांना परत. एकदा तो घालून त्यांनी रिकाम्या हॉलसाठी लोकांना हाका माराव्या. मग कळेल.

३. भोंगा मशीन-ऑपरेटर दत्तात्रयकाकांना. का, ते लिहितो.

गेल्या साली मंदी अशी आली की मुंबईहून नवे पिक्चर येईनात. जुन्या प्रिंटा इतक्या घासलेल्या, की भर उन्हाच्या सीनमध्ये पाऊस पडायचा. हॉलमध्ये सात माणसं. भय्यासाहेब म्हणाले, "हा हफ्ता खाली गेला तर टॉकीजला ताला." मला मस्ती सुचली. रिळांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि चौकात ओरडलो, "नवा खेळ, नवा शेवट!" काका चिठ्ठी बघून रीळ चढवायचे, वीस वर्षांत चिठ्ठी खोटी निघाली नव्हती. हॉल भरला. हिरॉईन आधी मेली, मग तिचं लग्न लागलं. लोकांनी बाकं मोडली.

भय्यासाहेब गरजले, "दत्तू, पिऊन मशीन चालवतोस?"

काकांनी चहासुद्धा सोडलेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीनाचं जेवण माझ्या नोकरीवर, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "चूक झाली." तेव्हापासून ते घरी बसलेत आणि सारं माधव नगर त्यांना दारुडा म्हणतं. मी मेल्यावर टांगेवाल्या रमेशने हे कलम टावर चौकात भोंग्यावर वाचावं.

४. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. म्हणून रमेशला काही नाही. तो नाराज आहे, पण सही करतोय.

हे सगळं अक्कांना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेल्यावर कबूल करण्यात कसली रे हिंमत? मेलेल्याला कोण जूता मारणार?"

म्हणून कलम तीनसाठी माझ्या मरणाची वाट बघायची नाही. आज चार वाजता मीच वाचणार. मीनाला विचारलं, नोकरी जाईल, काय करू? म्हणाली, "जा, दादा." रमेश घोडा जुंपतोय. लाल कोट घालणार नाही. आवाज बसलाय, पण भोंगा आहे. भय्यासाहेबांना चौकात बोलावलंय. काकांना नाही, ते मला बोलू देणार नाहीत.

सही: दिलीप शरच्चंद्र मुळ्ये
साक्षीदार: रमेश चौधरी, टांगेवाला, अनसूया भागवत (अक्का)
उज्जैन, ६ नोव्हेंबर १९५६. कागदावर मध्यभारत छापलंय. सहा दिवसांपासून आपण मध्यप्रदेश. चालवून घ्यावं.