काचेपलीकडचा कान

उरवडे, ता. मुळशी
१२ जुलै १९८२

ति. जयवंतदादा यांस,

सोपानचा मानाचा जयभीम. तुमचा गुडघा दुखायचा थांबला असेल आणि वहिनींनी तुमच्याशी बोलणं पुन्हा सुरू केलं असेल, असं धरून चालतो. इकडे मी आणि पोरं सुखरूप. तुमची बहीण तर फारच सुखरूप आहे. आमच्या गायन पार्टीची रेकॉर्ड निघणार आणि तिच्यावर ह्यांची झांज वाजणार, हे तिने उरवड्यात घरोघरी सांगून झालंय. आता पिरंगुट हाती घेतलंय.

तर मुंबईला जाऊन आलो. कंपनीचे हैबतराव साहेब (अंगाने किडमिडीत, केस बेताचे) माणूस नव्हेत, नुसता कान आहे. जयंतीच्या कार्यक्रमाला मागे उभं राहून त्यांनी आम्हाला ऐकलं होतं आणि "आहे तसंच गा" म्हणून बोलावलं होतं. स्टुडिओत ते काचेपलीकडे बसले आणि सुरू करा म्हणून त्यांनी हात वर केला. आता आपल्याकडे समोरच्या वडीलधाऱ्याने हात वर केला की गाणं थांबवायचं. कोंडीरामबुवांनी (आमचे मुख्य गायक) उघडलेलं तोंड मिटलं. पुन्हा हात वर, पुन्हा आम्ही गप्प. असं पाच वेळा झालं. दुसऱ्या कुणी आम्हाला एसटीत बसवून दिलं असतं. साहेब बाहेर आले, कारण विचारलं, आणि आमच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून, हात बगलेत धरून बसले. मग बुवा असे गायले की माझ्या अंगावर काटा आला, आणि मी त्यांना वीस वर्षं ऐकतोय.

खरं नवल पुढेच. गाणं मधेच थांबवून साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कारखान्यात प्रेसवर असता का?" मी चाट पडलो. म्हणाले, "झांज वाजायच्या आधीच तुमचा हात मागे यायला लागतो." (प्रेसखाली पत्रा सरकवून हात वेळेत मागे आला नाही तर काय होतं, ते आमच्या खात्यातल्या नथूच्या डाव्या हाताकडे बघून कळतं.) दादा, आठ वर्षांची माझी नोकरी त्यांना दोन कडव्यांत, नुसती ऐकून कळली. परतीच्या गाडीत मी सगळ्यांना हेच सांगत होतो. शेवटी बुवा म्हणाले, "व्हय रं, आमीबी तितंच हुतो."

घरी सर्वांना जयभीम.

आपला,
सोपान

ता. क. : महिनाभर पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात रेकॉर्ड आली. रविवारी तुमचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन या, असं चांगुणेने लिहायला सांगितलंय. लिहिलं.

ता. क. दुसरा : आणू नका. बिघडलाय म्हणून कळवा. साहेबांनी फार मायेने मला झांज मांडीवर ठेवून बसायला सांगितलं. रेकॉर्डवर मी नाही. तुमच्या बहिणीला हे कोणत्या तोंडाने सांगू?

दादा, मी चांगुणा. पाकीट चिकटवाया माज्याकडं दिलं, तवा वाचलं. पिलेअर घिऊनच ये. आठ वर्सं प्रेसवर हायेत आन् रोज दहाची दहा बोटं घिऊन घरी येत्यात. त्यो हात झांजंला चालत न्हाई तर ऱ्हाऊ दे. मला चालतुया.