माशी न बसणारे बोंबील

आई, परवा आमच्या मीरा रोडच्या घरी झुरळांचं औषध लावायला माणूस आला होता. ओट्याखालच्या फटींत त्याने जेलचे बारीक ठिपके लावले आणि मी मागितलं म्हणून पाकिटावरचं नावही वाचून दाखवलं. नवरा हसला, "परीक्षा घेतेयस का त्याची?" तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण औषधाचं नाव विचारल्याशिवाय मला अजून राहवत नाही.

उत्तनच्या आपल्या घरात पहिला मोबाइल आला, त्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरल्यासारखा वाटला, बोटी गेल्या, बोंबील भरपूर आले आणि मग आभाळ पुन्हा भरून राहिलं. दोऱ्यांवर जोडीजोडीने टांगलेले बोंबील अर्धे ओले, आणि त्यांच्यावर माश्यांचा थर. आधीचा माल अळ्या पडून गेलाच होता. बाबा समुद्रात. तेव्हा शेजारच्या मावशीने तुला पाण्याच्या बाटलीत थोडं पिवळसर औषध आणून दिलं. "बादलीत जरासं टाक नि शिंपड. सगलीच मारतात. माशी फिरकत न्हाय." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या अंगणातही तेच चाललं होतं.

तू हातानेच ढवळलंस, हातानेच शिंपडलंस. मी कॉलेजातून घरी येते तर तू पायरीवर बसलेली, घामाने निथळतेयस, तोंडातून लाळ गळतेय. "डोल्यांपुढं अंधार झाला गो," एवढंच म्हणालीस. रिक्षा करून तुला भाईंदरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय मारत होत्या? बाटली आणलीस?" आणली होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "यावर तर काहीच लिहिलेलं नाही. नेमकं कोणतं औषध, ते कसं कळणार मला?" मग त्यांनी बॅटरीने तुझे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यावरून अंदाज बांधून त्यांनी इंजेक्शन दिलं. नर्सने तुझी ओली साडी सोडवली आणि साबणाने हात खसाखसा धुतले. "हे सगळं आधी घरीच करायचं असतं. कातडीतूनही विष आत जातं," डॉक्टर म्हणाले, पण रागावून नाही.

तू वाचलीस. घरी आणलं तोवर बाबा समुद्रावरून परतले होते, ऊन पडलं होतं आणि ते बोंबील कडकडीत सुकून स्वच्छ, सोनेरी दिसत होते. त्यांच्यावर एक माशी नव्हती. व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभाच होता. "माल तो एकदम साफ है, मौसी." बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. घरात दुसरं काही विकण्यासारखं उरलं नव्हतं, हे आपल्या तिघांनाही माहीत होतं. तू भिंतीला टेकून बसली होतीस, तिथूनच म्हणालीस, "मना डॉक्टर मिळाला. खानाऱ्याला काय झालं तं त्याला कलंल तरी का, कशानं झालं?" व्यापारी समजावत राहिला, तू नकाराची मान हलवत राहिलीस. बाबांनी विहिरीपासून लांब खोल खड्डा खणून सगळे बोंबील त्यात पुरले. मांजरं-कावळे उकरतील म्हणून तू माती दाबून होईपर्यंत तिथून हलली नाहीस. नंतर मात्र आत जाऊन खूप रडलीस.

ते वर्ष कठीण गेलं. पण पुढच्या हंगामात तू जुनी बारीक विणीची जाळी शिवून वाळवणाच्या मांडवावर घातलीस, दोऱ्या आणखी उंच बांधल्यास, ऊन नसेल त्या दिवशी मासे मिठाच्या पाण्यातून काढलेस. खालची घाण रोज लांब टाकायला मला लावलंस. "माशी घानीत जल्मते, बोंबलात न्हाय," म्हणायचीस. थोडा माल तरीही खराब व्हायचा. बायका हसायच्या. मावशी काही हसली नाही. एक दिवस अंगणात येऊन खाली बघत म्हणाली, "जाली शिवायला दोरा कंचा घेतलास?" तू तिला काही ऐकवलं नाहीस, सुई-दोरा घेऊन तिच्या घरी गेलीस.

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण एक सांगते. मी आता मासे सुकवत नाही, विकत घेते. आमच्या बाजारात उत्तनजवळच्या तारोडीची एक बाई बसते. मी दरवेळी विचारते, "काही मारलंय का यावर?" ती म्हणते, "ऊन नि मीठ, बाय. दुसरं कायच न्हाय." खरंखोटं मला कळत नाही. पण ते "न्हाय" ती अगदी तुझ्यासारखं म्हणते, आणि मी पुढे काही न विचारता पिशवी उघडते.