नाही म्हणण्याचा अभ्यास

तीर्थरूप अक्कास धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढंच वाकून).

तुझी कंबर आता कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का, की अजून शेजाऱ्यांना झोपू देत नाही? मी इकडे खुशाल आहे. टेम्पो कधी पाठवू, असं तू दोनदा विचारलंस. वरची खोली माझ्यासाठी पिवळ्या रंगाने रंगवून घेतलीस, कपाट रिकामं केलंस, पडदेसुद्धा लावलेस. आता मी माझ्या या दोन खोल्या आणि चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडून तुझ्याकडे कायमची राहायला यायचं, एवढंच बाकी राहिलंय. त्याचं उत्तर याच पत्रात देणार आहे. पण आधी इकडे काय काय घडलं ते ऐकून घे, म्हणजे तुला उत्तर कळायला सोपं जाईल (आणि मला द्यायला).

तर झालं असं, की आमच्या मालकांची सून कसलंसं शिबिर करून आली. माणूस नुसता वयाने वाढून उपयोग नाही, मनानेही वाढला पाहिजे, आणि त्यासाठी आधी ध्येय ठरवावं लागतं, असं तिला तिथे कळलं. दुसऱ्याच दिवशी तिने शटर अर्धं खाली ठेवून आम्हां सगळ्यांना गोल बसवलं आणि या वर्षी स्वतःमध्ये काय सुधारणार, असं एकेकाला विचारायला सुरुवात केली. मालक म्हणाले, मी दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकणार, आणि त्यावर पाऊण तास बोलले. मध्ये सुनेने दोनदा तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. मग काचा घासणारा आमचा मुनी (महिन्याकाठी चार शब्द बोलतो म्हणून आम्ही ठेवलेलं नाव). तो म्हणाला, मनातलं बोलत जाईन. काय आहे मनात, असं तिने विचारल्यावर बराच विचार करून "बरं आहे," म्हणाला आणि उठून मशीनवर गेला. माझी पाळी आली. सूनच म्हणाली, काकू, तुम्ही नाही म्हणायला शिका. मी लगेच हो म्हटलं. सगळे का हसले ते मला घरी गेल्यावर कळलं.

पोरीचं चुकलं नव्हतं गं. तुझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? लहानपणी तू माझे केस कापायला घेतलेस, तेव्हा मी हो म्हटलं (पुढे दोन महिने डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेले). तू दाखवलेल्या स्थळालाही मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार दिला (ते स्थळ चांगलं निघालं, ती गोष्ट वेगळी. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, तरी अजून दोघांचाच चहा टाकते कधीकधी). असा सगळा जन्म माना डोलावण्यात गेला. म्हटलं, चला, बघू या.

सुरुवात किराणा दुकानातून केली, कारण तिथे कुणी ओळखीचं मनाला लावून घेणार नाही. दुकानदाराने विचारलं, पिशवी देऊ का? मी मान ताठ करून नाही म्हटलं. मग छत्री उलटी धरून तिच्यात बटाटे भरले आणि भर रस्त्याने घरी आले. मुनी माझा जोडीदार नेमलेला (प्रत्येकाला एकेक दिलाय, लक्ष ठेवायला). तो रोज संध्याकाळी फक्त "आज कुणाला?" एवढंच विचारतो. मी बटाट्यांची हकीगत सांगितली. त्याने मान हलवली, पण ती खालीवर हलवली की आडवी ते काही समजलं नाही.

मग मी मोठ्या कामाला हात घातला. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांच्या घरांच्या जादा किल्ल्या माझ्याकडे असतात, हे तू पाहिलं आहेस. दाराच्या मागे खिळ्यांना टांगलेल्या असतात आणि वेळीअवेळी कुणी ना कुणी बेल वाजवतं. मी सगळ्या किल्ल्या गोळा केल्या, दारोदार जाऊन परत दिल्या आणि यापुढे जमणार नाही म्हणून सांगितलं. दोन दिवस इतकी शांतता, की मी बेल बिघडली का ते स्वतःच वाजवून बघितलं. आणि रविवारी सकाळी समोरचे निवृत्त पोस्टमास्तर कचरा टाकायला बाहेर आले, वाऱ्याने त्यांचं दार लागलं, आणि कुलूप आतून बंद. अंगात बनियन आणि अर्धी चड्डी. त्यांना काय जिन्यात उभं ठेवायचं? घेतलं घरात. तोवर वरची नर्स रात्रपाळी करून आली, ती किल्ली इस्पितळातच विसरून. तीही आली. किल्लीवाला दुपारी उगवला, तोपर्यंत दोघं माझ्या सोफ्यावर. नर्स बसल्या बसल्या झोपली, आणि पोस्टमास्तरांना संकोच वाटू नये म्हणून मी कपाटातून यांचा लांब बाह्यांचा शर्ट काढून दिला. तो शर्ट दुसऱ्याच्या अंगात बघून रडू येईल असं वाटलं होतं, अक्का. पण पोस्टमास्तरांचे हात एवढे लांब, की बाह्या कोपरापाशीच संपल्या, आणि मला जे हसू फुटलं ते आवरेना. तेही हसले, नर्स दचकून जागी झाली. मग तिघांनी मिळून जेवण केलं. हे गेल्यानंतर माझ्या घरात इतका आवाज पहिल्यांदाच झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या किल्ल्या परत खिळ्यांवर आल्या, आणि मीच दारोदार जाऊन मागून आणल्या.

मुनीला सांगितलं, की माझं ध्येय बुडालं. तो म्हणाला, "ज्याला नाही म्हणायचंय, त्यालाच म्हणा की." सहा शब्द! (त्याचं ध्येय माझ्यापेक्षा बरं चाललंय.)

दुकानात मात्र भलतंच झालं. एक गृहस्थ आले, बशीएवढी सोनेरी फ्रेम नाकावर चढवून आरशात सगळ्या बाजूंनी बघत राहिले आणि मला विचारलं, शोभतेय ना? माझ्या तोंडून निघून गेलं, नाही. मालकांच्या हातातलं पेन खाली पडलं. गृहस्थांनी फ्रेम काढून ठेवली आणि म्हणाले, घरात दहा माणसं आहेत, पण खरं कुणी सांगत नाही. साधी काळी फ्रेम घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी बायको, सासू आणि मेहुण्याला घेऊन आले. आता गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, त्या नाही म्हणणाऱ्या बाई कुठे आहेत? मला आरशाजवळ स्वतंत्र खुर्ची मिळाली आहे, गादीची. मालकांनी रविवारीही बसाल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, रविवारी माझ्या घरी माणसं असतात (पोस्टमास्तर आणि नर्स आता दर रविवारी जेवायला येतात). घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

परवा मुनीने नेहमीप्रमाणे विचारलं, आज कुणाला? मी म्हटलं, आता कुणी उरलं नाही. तो काच पुसत पुसत म्हणाला, "आणि बहिणीला?" तुझ्या खोलीचं मी त्याला एकदाच सांगितलं होतं, तेही हसत हसत. माणूस बोलत नसला तरी ऐकत असतो.

असो. बाकी सर्व क्षेम. कंबरेला शेक देत जा, दाजींना माझा नमस्कार सांग, आणि स्वतः खुर्चीवर चढून पडदे काढत बसू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. उत्तर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) टेम्पो पाठवू नकोस. अक्का, मी येत नाही. तू एवढ्या मायेने खोली केलीस, हे वाचून तुला काय वाटेल ते मला ठाऊक आहे, आणि लिहिताना मलाही वाईट वाटतंय. पण मी इथे एकटी पडलेली नाही. मी इथे सुखात आहे.

ता. क. दुसरा. ती खोली मात्र दाजींच्या रद्दीला देऊ नकोस. सुट्टीत आठ दिवस येईन. दहा म्हणशील, तर नाही म्हणेन.

ता. क. तिसरा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. रागावलीस तर खुशाल रागाव, पण पत्रानेच रागाव. कृपा करून फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला, की मी हो म्हणेन.