राजूर कोणत्या बाजूला

सर, आपल्या संघातला तो उंच गडी, राजूरचा, मागच्या आठवड्यात गेला. किडनीचं दुखणं बरेच दिवस चाललं होतं. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघालो होतो. पिशवी हातात तशीच धरून मी दारात उभा राहिलो, आणि त्या बिचाऱ्याच्या आधी मला तुमची आठवण आली. आपल्या पाच जणांतला आता मी एकटा उरलो. आज चौकात उभं राहून मी जोरात 'राजूर' म्हणून ओरडलो, तर लोक फार तर एसटी आली का ते बघतील. हे वाक्य मी गमतीनं लिहायला घेतलं होतं, पण लिहून झाल्यावर काही हसू आलं नाही.

ते मैदान तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. कॉलेजच्या मागची ती मुरमाची जागा, दोन लाकडी फळ्या, पडलं की गुडघा सोलून निघायचा. जालन्यात तेव्हा बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारायचे, टोपलीत चेंडू टाकून पुन्हा काढायचा कसा? तुम्ही हैदराबादला शिबिराला जाऊन बोटांच्या खुणा शिकून आला होता. एक बोट म्हणजे डावीकडून, दोन म्हणजे उजवीकडून. आमच्या डोक्यात त्या काही बसेनात. एक दिवस तुम्ही वैतागलात आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलंत. "ही बोटं-बिटं ऱ्हाऊ द्या. राजूर कुठंय रे?" आमचे सगळ्यांचे हात विचार न करता एकाच बाजूला गेले. "आन् अंबड?" हात दुसऱ्या बाजूला. "मंग झालं की. कंडक्टर ओरडंल तिकडं पळायचं. आर्ध्या खेळानंतर बाजू बदलली तरी घाबरायचं न्हाई. आपण फिरलो म्हणून गाव फिरत न्हाई." त्या दिवसापासून आपला खेळ बराबर लागला. समोरच्या संघाला कळायचंच नाही, ही पोरं खेळताना गावांची नावं का घेताहेत.

कंडक्टर म्हणजे मी. चेंडू वर आणायचा, कोण कुठं आहे ते बघायचं, हाक द्यायची आणि चेंडू सोडून द्यायचा. तुम्ही मला कप्तान केलंत तेव्हा संघातल्या दोघातिघांची तोंडं उतरली होती. पाटला-देशमुखांची पोरं ती, आणि मी हसनाबादच्या बौद्धवाड्यातला. हाक मी द्यायची आणि पळायचं त्यांनी, हे त्यांना सुरुवातीला जड गेलं. तुम्ही त्यावर भाषण दिलं नाहीत. सरावानंतर सगळ्यांना घरी नेलंत आणि माझं ताट स्वयंपाकघरात, चुलीजवळ, तुमच्या शेजारी मांडायला सांगितलंत. तुमच्या आई भिंतीकडं तोंड करून बसल्या. तुमच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, पिठलं वाढलं, वर कांदा फोडून दिला. तुम्ही आईंना एवढंच म्हणालात, "आई, ह्याच्या घंटीबिगर आमची गाडी हालत न्हाई." बाहेरच्या खोलीत जेवणारे सगळे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मी 'अंबड' म्हटलं आणि देशमुखाचा पोरगा जिवाच्या आकांतानं पळाला. पुढं तो माझा दोस्त झाला, पण ते नंतर.

मग ते शेवटचं वर्ष. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. खरं तर त्याच्या आदल्या उन्हाळ्यातच माझी पदवी हातात यायची, पण परीक्षेआधी तुम्ही मला पिंपळाखाली बसवून घेतलंत. संस्थेनं तुम्हाला दर वर्षी नवी ऑर्डर देत लोंबकळत ठेवलं होतं, कायम काही केलं नव्हतं. आता मैदानावर सायन्सची इमारत बांधायचं त्यांच्या मनात होतं. "सेक्रेटरी म्हंतेत, विद्यापीठाचा कप आणा, मंग मैदान बी ऱ्हाईल आन् तुम्ही बी ऱ्हाल. तू गेला तर ही पोरं कुनाचं ऐकणार हैत? येक वर्ष थांब." मी परीक्षेला बसलो नाही. वडील तेव्हा धान्याच्या मोंढ्यात हमाली करत होते. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर परवडलं असतं. ते म्हणाले, "तुझे सर म्हंतेत तर बिलकुल थांब. त्यायनं तुला मानूस म्हणून वागवलं." आणि पुन्हा पोतं पाठीवर घेतलं. त्या वर्षी मी रोज खेळलो तो तुमची नोकरी वाचावी म्हणून. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

त्याच हंगामात तुम्ही मला एकदा सगळ्यांसमोर झापलंत. वय वाढलं, अंगात ताकद आली, हातही बसला होता, म्हणून मी चेंडू कुणाला न देता एकट्यानंच बास्केट करायला लागलो होतो. तुम्ही मला बाहेर बसवलंत. "कंडक्टरनं स्टेअरिंगला हात लावला की गाडी नाल्यात गेली समज. लई आवडू राह्यलं का सवताचं सवताला?" मी रडलो, पण ऐकलं. इतकं ऐकलं की पुढं आयुष्यभर कुठल्याच स्टेअरिंगला हात लावायचा मला धीर झाला नाही.

जवळपासच्या कॉलेजांचे सामने दर वर्षी आपल्याच मैदानावर व्हायचे. त्या वर्षी आपण ते पहिल्यांदा जिंकलो आणि पुढच्या सामन्यांसाठी औरंगाबादला गेलो. तिथल्या सिमेंटच्या मैदानावर उतरलो, आणि आमची बोबडी वळली. राजूर कुठंय? ज्या बाजूनं आपली एसटी आली त्या बाजूला. आणि अंबड? तेही त्याच बाजूला! औरंगाबादेतून बघितलं तर आपला सगळा मुलूख एकाच अंगाला. तुम्ही पोट धरून हसलात, मग म्हणालात, "मंडपाची बाजू राजूर समजा, झाडाची बाजू अंबड. ध्यानात ठेवा." मंडप होता पश्चिमेला, आणि आपली खरी गावं पूर्वेला, झाडाच्या अंगाला. उपांत्य सामना तसंच समजून खेळलो आणि जिंकलो. दुसऱ्या दिवशी फायनलही तसंच समजून खेळत होतो. शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणानं मागं आहोत. चेंडू माझ्या हातात आहे. माझ्यासमोरचा खेळाडू घसरून पडलाय आणि फळी मला मोकळी दिसतेय, सर, अगदी सताड उघडी. मी टाकू शकतो. पण माझ्या कानात तुमचं ते स्टेअरिंगचं बोलणं आहे. मी 'राजूर' म्हणून ओरडतो आणि चेंडू मंडपाकडं सोडतो.

मंडपाकडं कुणी नव्हतं. आपला उंच गडी जीव खाऊन उलटीकडं, झाडाकडं, पळत होता. चेंडू रेषेबाहेर जाऊन खुर्च्यांत शिरला आणि खेळ संपला. तो तिथंच मटकन बसला. "दादा, म्या गावाकडं पळालो," म्हणाला, "राजूर म्हटलं आन् म्या गावाकडंच पळालो." चार दिवस दुसऱ्याची गावं कुठंही मांडता येतात, पण ज्याची आई तिथं भाकरी थापत बसलीय त्याला ऐन वेळी ते गाव मंडपात कसं सापडेल? मी त्याला उठवलं. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "हाक बराबर व्हती."

त्या उन्हाळ्यात तुम्हाला पुढची ऑर्डर मिळाली नाही. मैदानात खड्डे खणले गेले. मी परीक्षा दिली, जेमतेम पास झालो, आणि तुम्ही अंबडकडं गावी निघून गेलात. वर्षभरानं मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही खळ्यावर बसला होता, डोळे पिवळे झाले होते, पायांवर सूज. बाईंनी मला न विचारता चहा केला. मी माफी मागायला सुरुवात केली तशी तुम्ही हात वर केलात. "येड्या, त्या साली दिवाळीलाच मला सेक्रेटरींनी सांगितल्तं. जागा भावाच्या पोराला द्यायची ठरल्ती. कप आन्ला असता तरी म्या जाणारच व्हतो. तुम्ही पोरं खेळताय, कशाला सांगावं?" मी चहा पिऊन निघालो, नंतर पुन्हा आलो नाही. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेल्याचं कळलं.

तेव्हापासून मी हेच चघळत बसलोय. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोललात की ते खरं होतं? खोटं असेल तर एक चेंडू खुर्च्यांत गेला आणि त्यापायी तुम्ही गेलात. खरं असेल तर दिवाळीपासून तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तरी तुम्ही रोज शिट्टी वाजवत राहिलात, मला पळवत राहिलात, आणि माझे वडील पोती उचलत राहिले. रात्रंदिवस जे वाचवायचं म्हणून आम्ही झिजलो, ते आधीच गेलेलं होतं. या दोन्हींतलं कुठलंही घेतलं तरी माझ्या हाताला काही लागत नाही. इतक्या वर्षांत मला यातून वाट सापडलेली नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही.

बाई अजून आहेत. गावी पुतण्याकडं असतात. त्यांना ठाऊक असणार. हे पत्र त्यांच्या पत्त्यावर टाकलं तर कुणाकडून तरी वाचून घेतील आणि दोन ओळींत उत्तर देतील. मी टाकणार नाही. तुम्ही खोटंच बोललात असं मी धरून चाललोय, सर. माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं हे मला सोसतं. तुम्ही आम्हाला उगाच पळवलंत, हे मला सोसणार नाही.